वाचकांचे प्रश्न : धारचा लोहस्तंभ, बागची काळी छपाई आणि घरातले लोखंड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे लोखंडाविषयी आहेत, त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून हे सदर मी सगळेच त्याला देत आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे जवळजवळ प्रत्येक उत्तरात लागणार आहे. लोखंडाचा अणू संयुगात जाताना कधी दोन इलेक्ट्रॉन सोडतो, तर कधी तीन. दोन सोडले तर त्याला फेरस म्हणतात, तीन सोडले तर फेरिक. फेरस रूप पाण्यात सहज विरघळते आणि रंगाने फिकट हिरवे, जवळजवळ बिनरंगी असते. फेरिक रूप साध्या पाण्यात टिकत नाही, तांबूस-पिवळा गाळ होऊन खाली बसते. हवेतला ऑक्सिजन पहिल्याचे दुसरे करण्याच्या उद्योगात अखंड गुंतलेला असतो. धारच्या स्तंभापासून हिमोग्लोबिनच्या गोळीपर्यंतचे प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी प्रत्येक ठिकाणी हे फेरस-फेरिक आणि त्यांच्या शेजारी कोण आहे एवढेच पाहायचे आहे.

प्रश्न : नातवंडांना घेऊन धारला गेले होते. लाट मशिदीच्या आवारातला लोहस्तंभ दाखवताना तिथल्या एका माहितगाराने सांगितले की तो अष्टधातूचा आहे आणि म्हणूनच हजार वर्षांत त्याला गंज चढलेला नाही. आमच्या गच्चीवरचा लोखंडी जिना मात्र दर दोन वर्षांनी रंगवावा लागतो. अष्टधातूची गोष्ट खरी आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : बाई, अष्टधातूची गोष्ट खरी नाही, आणि खरी गोष्ट तिच्यापेक्षा अधिक रंजक आहे. इंदुरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेला हा स्तंभ जवळजवळ शुद्ध लोखंडाचा आहे. परंपरेने तो अकराव्या शतकातल्या राजा भोजाचा मानतात. आज त्याचे तीन तुकडे आहेत. त्यांची लांबी एकत्र धरली तर ती सुमारे १३.२ मीटर भरते, म्हणजे दिल्लीच्या कुतुब परिसरातल्या प्रसिद्ध स्तंभाच्या (सुमारे ७.२ मीटर) जवळपास दुप्पट, आणि वजन सात टनांच्या वर जाते. तळाचा भाग चौकोनी आहे, वरचा अष्टकोनी. शेजारची मशीद दिलावरखानाने १४०५ मध्ये बांधली आणि या लाटेवरूनच (लाट म्हणजे स्तंभ) तिला नाव मिळाले. सर्वांत मोठ्या तुकड्यावर अकबराचा १५९८ चा फारसी लेखही आहे. सांगायचा मुद्दा असा, की इतक्या राजवटींचे पावसाळे या लोखंडाने उघड्यावर काढले आहेत.

आता गंजाकडे येऊ. ओल्या लोखंडावर पाण्याचा एक थेंब ही लहानशी बॅटरीच असते. थेंबाखालच्या एखाद्या जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून फेरस रूपात पाण्यात उतरते, दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो, आणि या दोन व्यवहारांतून निघालेली द्रव्ये मध्ये कुठेतरी भेटून पुन्हा ऑक्सिजनच्या साहाय्याने पाणी धरलेले फेरिक ऑक्साइड, म्हणजे गंज, तयार होते. पाण्यात मीठ असले तर हा व्यवहार वेगाने चालतो. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूला झाकून घेतो. लोखंडाचा गंज मुळातल्या धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांत पाणी स्पंजासारखे मुरून बसते. गंज गंजाला वाढवतो असे जुने लोहार म्हणतात, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. आपल्या जिन्याचे दुखणे हेच आहे.

धारच्या आणि दिल्लीच्या स्तंभांनाही सुरुवातीला गंज चढलाच. तो तिथेच थांबला, हा त्यांच्यातला आणि आपल्या जिन्यातला फरक. दिल्लीच्या स्तंभाचा सखोल अभ्यास कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी केला, आणि धारच्या स्तंभाविषयीही त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. दिल्लीच्या लोखंडात फॉस्फरस हजारात सुमारे अडीच भाग आहे. धारच्या लोखंडातही तो आजच्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक आहे. आजच्या साध्या पोलादात तो हजारात अर्ध्या भागाच्याही आत ठेवतात. लोखंडाचा वरचा पातळ थर गंजून जातो तसा हा फॉस्फरस धातू आणि गंज यांच्या सीमेवर साठत जातो, ओल आणि ऊन यांच्या आळीपाळीने येणाऱ्या फेऱ्यांत त्याचे लोह-फॉस्फेट होते, आणि त्याचा दाट, चिकट, पाण्याला फारशी वाट न देणारा पापुद्रा तयार होतो. म्हणजे स्तंभाला वाचवणारे कवच त्याच्या स्वतःच्या गंजातूनच घडलेले आहे.

एवढा फॉस्फरस तिथे आला कसा? जुन्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा एवढेच घालत, आणि उष्णता लोखंडाच्या वितळबिंदूपर्यंत (१५३८ अंश सेल्सियस) पोहोचत नसे. खनिजातला ऑक्सिजन कोळशामुळे निघून जाई, लोखंड मात्र रस न होता सच्छिद्र गोळ्याच्या रूपात हाती येई. असे तापवलेले गोळे एकावर एक ठोकून, सांधून हे अजस्र स्तंभ घडवलेले आहेत; घणाखाली न निघालेली थोडी मळी (खनिजातला वितळलेला कचरा) आजही त्यांच्या पोटात अडकलेली आहे. त्या भट्टीत चुनखडी नसे. फॉस्फरसला बांधून मळीत नेण्याचे काम चुना करतो. तोच नसल्यामुळे फॉस्फरस लोखंडातच राहिला. पुढे १८७० च्या दशकात इंग्लंडात सिडनी गिलख्रिस्ट टॉमस याने चुन्यासारख्या क्षारधर्मी अस्तराच्या भट्टीत फॉस्फरस काढून टाकण्याची रीत बसवली आणि युरोपचा पोलाद उद्योग त्या शोधावर वाढला, कारण फॉस्फरसयुक्त पोलाद थंडीत ठिसूळ होते आणि रुळांना, तुळयांना ते चालत नाही. स्तंभाला रेलगाडीचा भार पेलायचा नव्हता. ज्या घटकाला आजचा कारखानदार दोष म्हणून हाकलतो, त्याच्याच आधारावर हे स्तंभ उभे राहिले, याचे मला दर वेळी नवल वाटते.

याचा अर्थ ते लोखंड अजिंक्य आहे असा घेऊ नये. दिल्लीच्या स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग चांगलाच गंजलेला आढळला, कारण तिथे ओल कायमची होती आणि सुकण्याची फेरी येतच नव्हती. कोरडी हवा हा या कथेतला अर्धा नायक आहे. हेच स्तंभ कोकणच्या किनाऱ्यावर उभे असते तर मी त्यांची ग्वाही दिली नसती. जाता जाता एक मालवी अभिमानाची गोष्ट : दिल्लीचा स्तंभ मुळात विदिशेजवळच्या उदयगिरीला उभा होता, असे मत बालसुब्रमण्यम यांनी मांडले आहे.

प्रश्न : बाग गावच्या छपाईची ओढणी घेताना विक्रेत्याने सांगितले की तिच्यातला काळा रंग गंजलेल्या लोखंडाचा आहे. विश्वास बसला नाही. पण परवा मोरावळ्यासाठी आवळे जुन्या लोखंडी किसणीवर किसले आणि कीस निळाकाळा पडला, तेव्हा शंका आली की हे एकच तर नाही?
— एक वाचिका, टिळकनगर, इंदूर

उत्तर : ताई, अगदी एकच आहे, आणि ही शंका आपल्याला किसणीवर सुचली याचे मला कौतुक वाटते. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, चहा या सर्वांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. तोंडाला जो तुरटपणा जाणवतो तो त्यांचाच. टॅनिनची फेरस लोखंडाशी गाठ पडली तर रंग फिका असतो, पण हवा लागून ते फेरिक झाले की दाट निळाकाळा रंग उमटतो. आवळ्याचे आम्ल किसणीवरचे लोखंड विरघळवते, टॅनिन त्याला पकडते आणि उरलेले काम हवा करते. कीस विषारी झालेला नसतो. दिसायला वाईट आणि चवीला धातूसारखा लागतो एवढेच. मोरावळ्याला स्टीलची किसणी घ्यावी.

धार जिल्ह्यातल्या बाग गावचे छपाई करणारे खत्री नेमके हेच रसायन हिशेबाने वापरतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून सुकवतात, त्यामुळे धाग्यात टॅनिन बसते. मग काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड किंवा हिराकस (हे फेरस सल्फेटचे आपले जुने नाव) चिंचोक्याच्या खळीत कालवून ठसा मारतात, आणि लाल रंगासाठी तुरटीचा. छापल्यावर कापड बागिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि ॲलिझरिन या रंगद्रव्यामध्ये धावडीची फुले घालून उकळतात. एकाच कढईत, एकाच रंगद्रव्यात कापड उकळले तरी तुरटीच्या जागी, म्हणजे ॲल्युमिनियमशी जोडी जमून, लाल उमटते आणि लोखंडाच्या जागी काळे. रंग कढईत नसतो, तो कापडावर आधीच कोणता धातू बसला आहे यावर ठरतो. ही गोष्ट वर्गात सांगताना मी नेहमी बागच्याच कापडाचा तुकडा दाखवत असे.

युरोपात शतकानुशतके चाललेली लिखाणाची काळी शाईही हिराकस आणि टॅनिन यांचीच. ती कागदावर घट्ट बसते, पण तिच्यातले आम्ल आणि लोखंड कागदाला कुरतडत राहतात. जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात ती त्यामुळे. आपल्याकडची काजळीची शाई म्हणजे निव्वळ कार्बन. तो ना गंजतो ना कागद खातो, आणि म्हणून त्या शाईतली मोडी कागदपत्रे अक्षरांपुरती तरी शाबूत राहतात. कापडावरचे लोखंडी काळे मात्र त्या शाईचेच भावंड आहे : जुन्या छापील कापडात काळा भाग इतर भागांच्या आधी विरतो. ओढणी सावलीत वाळवावी, आणि तिच्यावर लिंबू किंवा कोणतेही आम्ल सांडू देऊ नये, कारण आम्लाने लोखंड सुटते आणि काळ्यावर फिकट डाग पडतो.

प्रश्न : राजवाड्याजवळच्या बाजारात भांडी घेताना दुकानदार चुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, चिकटले नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस. ही परीक्षा भरवशाची आहे का? आणि अस्सल असूनही माझ्या डब्यावर गंजाचे ठिपके का आले?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ही परीक्षा काहीतरी सांगते, पण दुकानदार म्हणतात ते सांगत नाही. स्टेनलेस हे लोखंडाचे संमिश्र आहे आणि त्याचा न गंजण्याचा गुण क्रोमियमचा. क्रोमियम शेकडा साडेदहाच्या पुढे गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा अतिपातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेत तो आपोआप भरून येतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये असे पोलाद ओतले. चुंबकाचा संबंध मात्र क्रोमियमशी नसून अणूंच्या रचनेशी आहे. शेकडा अठरा क्रोमियम आणि आठ निकेल असलेल्या प्रकारात निकेलमुळे रचना बदलते आणि चुंबक चिकटत नाही. निकेल न घालता शेकडा सोळा ते अठरा क्रोमियम घातलेल्या प्रकाराला चुंबक खुशाल चिकटते, तरीही ते खरे स्टेनलेसच असते. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्याचा तळ तर चुंबकाला चिकटणाराच हवा. उलट महाग निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घालून केलेले स्वस्त पोलादही चुंबकाला दाद देत नाही, आणि ते गंजाला पहिल्याइतके टिकत नाही. शिवाय चांगल्या भांड्याचीही दाबून वळवलेली कड किंचित चुंबकीय होते. तेव्हा चुंबक खिशात ठेवावे आणि भांड्यावरचा दर्जाचा ठसा पाहावा.

ठिपक्यांची कारणे बहुधा दोन. एक, मीठ : लोणचे किंवा खारे पाणी डब्यात दिवसेंदिवस राहिले तर क्लोराइड त्या पातळ थराला बारीक छिद्रे पाडते. दुसरे, घासणी : लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्याला चिकटून राहतात आणि ते स्वतः गंजतात. दुसऱ्या प्रकारचे ठिपके लिंबाच्या रसाने पुसले जातात, पहिल्या प्रकारचे जात नाहीत. एवढी परीक्षा घरी करता येईल.

प्रश्न : राऊकडच्या आमच्या नव्या वसाहतीत बोअरचे पाणी येते. बादलीत पडताना ते काचेसारखे स्वच्छ असते, तासाभराने पिवळे होते आणि तळाशी तांबडा गाळ बसतो. ब्लीचिंग पावडर टाकून पाहिली, तर लगेचच पिवळे झाले.
— एक गृहस्थ, राऊ

उत्तर : पाणी बिघडलेले नाही, त्याला हवा लागली आहे. खोल भूजलात ऑक्सिजन नसतो, म्हणून खडकातले लोखंड तिथे फेरस रूपात गुपचूप विरघळलेले राहते. वर आल्यावर ते फेरिक होऊन गाळ म्हणून बसते, आणि ब्लीचिंगमधला क्लोरीन हवेचे तासाभराचे काम क्षणात उरकतो. एका लिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे लोखंड गेले की कपड्यांना आणि फरशीला डाग पडू लागतात. उपायही रोगातच आहे : पाणी टाकीत सोडताना फवाऱ्यासारखे उंचावरून पडू द्यावे, गाळ बसू द्यावा आणि मग वाळूच्या गाळणीतून घ्यावे. पिण्यासाठी वापरण्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, कारण लोखंडाबरोबर आणखी काय आले आहे हे रंगावरून कळत नाही. फरशीवरचे डाग सायट्रिक आम्लाने, म्हणजे लिंबूफुलाने निघतात. पण ते आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत लोखंडाचा कीस आणि गंधक तापवून आयर्न सल्फाइड केले. पुस्तकात लिहिले आहे की त्याला चुंबक चिकटत नाही, आमचे मात्र चिकटले. सर म्हणाले, प्रयोग चुकला. काय चुकले?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : प्रयोग चुकला असेलच असे नाही, आणि चुकला असेल तर त्यातून शिकण्यासारखे अधिक आहे. तापवण्यापूर्वी कीस आणि गंधक हे मिश्रण असते : कितीही प्रमाणात घ्या, चुंबकाने कीस वेगळा काढता येतो. तापवल्यावर संयुग होते आणि संयुग प्रमाणाचे पक्के असते. येथे ७ ग्रॅम लोखंडाला ४ ग्रॅम गंधक लागते. गंधकाचा काही भाग जळून किंवा वाफ होऊन उडाला, तर तेवढे लोखंड शिल्लक राहते आणि चुंबक त्यालाच पकडते. गंमत अशी की उलट बाजूनेही तेच घडू शकते. गंधक जास्त झाले तर सल्फाइडमध्ये लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि सात अणू लोखंडाला आठ अणू गंधक असे जे सल्फाइड होते ते स्वतःच चुंबकीय असते. निसर्गात त्याचे खनिजही सापडते. तेव्हा सरांना विचार की परीक्षानळीच्या वरच्या टोकाला गंधकाचा पिवळा थर बसला होता का. बसला असेल तर पहिले कारण अधिक संभवते.

प्रश्न : मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला आणि चहाबरोबर न घ्यायला सांगितले. यात काही शास्त्र आहे की नुसती पद्धत?
— एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पूर्ण शास्त्र आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह अवघे तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम खिळ्याइतके असते आणि त्यातले सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. आतड्याची भिंत गोळीतले आणि भाजीपाल्यातले लोह फेरस रूपात आत घेते. गोळीत ते बहुधा फेरस सल्फेट म्हणून, म्हणजे औषधी शुद्धतेच्या हिराकसाच्या रूपात, दिलेले असते. लिंबातले क जीवनसत्त्व ते फेरिक होऊ देत नाही, झालेले परत फेरस करते आणि विरघळलेले ठेवते. चहातले टॅनिन त्याच लोहाला धरून बसते. वर आवळ्याच्या किसात जे घडले तेच इथे पोटात घडते आणि लोह रक्तात न जाता तसेच बाहेर पडते.

आपल्या गावी सकाळचे पोहे याच दोन टोकांमध्ये सापडलेले आहेत. वरून लिंबू पिळले जाते ते उत्तम, पण पाठोपाठ कडक चहा येतो आणि लिंबाने केलेले काम बरेचसे वाया घालवतो. मुलीला चहा हवाच असेल तर तो गोळीच्या किंवा न्याहारीच्या तास-दीड तासाने द्यावा. दूध आणि आम्लपित्ताच्या गोळ्याही त्याच वेळी नकोत. भाजी-आमटी लोखंडी कढईत केल्याने थोडे लोह अन्नात उतरते, टोमॅटो किंवा चिंचेसारखे आंबट असले तर अधिक; मात्र वर्षानुवर्षे तेल मुरून काळी तुळतुळीत झालेल्या कढईतून ते कमी सुटते, आणि कोणतीही कढई डॉक्टरांच्या गोळीची जागा घेत नाही. गोळीने शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये, ते न शोषलेल्या लोहामुळेच असते. मळमळ फार होत असेल तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारून जेवणानंतर द्यावी आणि त्या जेवणावर लिंबाची एक फोड ठेवावी.